अनामिकता: निवडलेली आणि लादलेली

जपानी कुंभकार शोजी हामादा (१८९४-१९७८) यांनी आपल्या पात्रांवर स्वाक्षरी करणे सोडले. तरीही १९५५ मध्ये शासनाने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरविले. सोएत्सु यानागी यांनी मांडलेला अनाम कारागिराचा आदर्श त्यामागे होता. परंतु हामादांनी कुंभकला तंत्रविद्यालयात अभ्यासिली होती. अनामिकता त्यांनी स्वतः निवडली.

लासलगावच्या बाजारात माठ वाजवून घेताना घडविणाऱ्याचे नाव आपण विचारत नाही. त्याची विद्या जातीतून आली, अनामिकताही तेथूनच. तेरच्या गोरोबांची नाममुद्रा परंपरेने अभंगांत जपली, मडक्यांत नव्हे.

ज्याला नाव मिळालेच नाही, त्याने ते त्यागिले असे म्हणता येईल काय? अनामिकतेला सौंदर्यमूल्य मानण्यापूर्वी समीक्षेने या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे.