एकाला एक ताटली

कृष्णाकाठच्या एका गावी, जुन्या चावडीच्या पाठीमागे असलेल्या दोन खोल्यांच्या अंगणवाडीत, गतवर्षी मार्गशीर्षातील एका सकाळी मी तासभर बसलो होतो; आणि त्या तासात एका साडेचार वर्षांच्या मुलीला जे काम करताना पाहिले, त्याविषयीचे विचार वर्षभर पाठ सोडीनात, म्हणून हा लेख. खिचडीची वेळ झाली होती. मदतनीस ताईंनी ताटल्यांची चळत त्या मुलीच्या स्वाधीन केली आणि ‘मांड गं समद्यांम्होरं’ एवढेच सांगितले. मुलीने वरची ताटली दोन्ही हातांनी उचलली, पहिल्या मुलापुढे ठेवली, परत आली, दुसरी उचलली. दोन ताटल्या एकदम न्याव्यात म्हणजे खेपा वाचतील, हे तिला सुचले नाही, किंवा सुचूनही तिने तसे केले नाही. दर खेपेस एक मूल आणि एक ताटली अशी जोडी लावीत ती ओळीच्या टोकापर्यंत गेली, दाराशी उकिडव्या बसलेल्या एका मुलापुढे तिने शेवटची ताटली ठेवली, आणि आपल्या जागी येऊन बसल्यावर तिच्या ध्यानात आले की, स्वतःपुढची फरशी रिकामी आहे. तिने एकवार सगळ्या ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, ‘ताई, एक कमी पडली.’

गणित ज्याला म्हणतात ते हेच, अशी माझी दृढ समजूत आहे. वीसपर्यंतचे आकडे घडाघडा म्हणून दाखविणारे मूल पाहुण्यांकडून शाबासकी मिळविते, परंतु आकड्यांची ती माळ पुष्कळदा गाण्यासारखी केवळ जिभेवर असते; वस्तू आणि वस्तू यांच्यामधील नाते तिच्यात अजून उतरलेले नसते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांपुढे सारख्या संख्येच्या दोन ओळी मांडून, त्यांतील एक पसरून लांब केली, तेव्हा चार-पाच वर्षांची मुले लांब ओळीत वस्तू जास्त आहेत असे निःशंकपणे सांगत. पियाजेच्या प्रश्न विचारण्याच्या रीतीवर पुढील संशोधकांनी आक्षेप घेतले, तेही विचारार्ह आहेत; तथापि घरी चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडून कोणीही हा अनुभव घ्यावा, आणि मग त्या मुलाला ‘अरे, दोन्ही सारखेच’ असे दहा वेळा बजावून पाहावे. बजावण्याने ते ज्ञान येत नाही. चिंचोके, ताटल्या, चपलांचे जोड, निवडायला घेतलेले हुलगे आणि मटकी यांच्या हाताळणीतून, शेकडो वेळा जोडून आणि मोडून, ते ज्याचे त्यालाच घडवावे लागते. आणि त्यासाठी वस्तू, सवड व शेजारी बसणारे शांत मोठे माणूस या तिन्हींची तजवीज करणे, हे बालवाडीचे मुख्य काम होय.

आज सातारा-सांगलीच्या मुलखात, कराडपासून तासगावापर्यंत, तालुक्याच्या गावीच नव्हे तर बाजाराच्या लहान गावीही इंग्रजी नावांच्या नर्सऱ्या निघाल्या आहेत. तेथे मूल घालणाऱ्या आईबापांना मी दोष देत नाही. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या माणसाच्या मनात लेकराच्या भवितव्याची जी काळजी असते, ती आदरास पात्र आहे. परंतु तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन चौकटीच्या वहीत पानेच्या पाने गिरवून घेण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो पाहून जीव तुटतो. मनगटात आठ हाडे असतात आणि त्यांपैकी निम्मीही त्या वयात घट्ट झालेली नसतात. बाकीची अजून कूर्चाच असते. त्या हाताने माती मळावी, फडके पिळावे, लोटीतून पेल्यात पाणी ओतावे, मणी ओवावेत. लिहिण्याचे बळ याच मार्गाने येते.

ही दृष्टी आपल्याला नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी रोममधील गरीब वस्तीत 1907 साली आपले बालगृह उघडले, आणि त्यांचे विचार गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्यामार्फत आपल्याकडे रुजले. पण ताराबाईंचे मोठेपण केवळ अनुयायाचे नव्हे. शहरातील सुखवस्तू घरांना परवडणारी माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यात कोठून आणावयाची, हा प्रश्न त्यांना छळीत होता. म्हणून 1945 साली समुद्रकाठच्या बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभून त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांनाच साधनांचा दर्जा दिला. पुढे 1957 साली त्या अनुताई वाघ यांच्यासह कोसबादच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावर नेऊन अंगणात मांडली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरविली. सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना दिलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी दप्तरात आहे. आपल्या मनात मात्र त्याच्यापुढे अंगण उभे राहिले पाहिजे.

भाषेच्या बाबतीत मला थोडे थांबावयाचे आहे, कारण या प्रांतातील मुलांची खरी हानी मला तेथे दिसते. त्याच सकाळी एक मुलगा ओरडला, ‘ताई, पानी सांडलं!’ सेविका ताईंनी ‘पानी नाही, पाणी म्हण’ असे फर्मान काढले नाही. त्या म्हणाल्या, ‘पाणी सांडलं होय? कुठवर गेलं बघ बरं.’ आणि मुलगा ओघळामागे रांगत गेला, उंबऱ्यापाशी तो का वळला हे सांगू लागला, चार वाक्ये बोलला. शुद्ध रूप त्याच्या कानी पडले आणि तोंडही उघडे राहिले. तिसऱ्या वर्षी मूल घरातून जी भाषा घेऊन येते, ती त्याची आजवरची सगळी कमाई असते. पहिल्याच आठवड्यात ती चूक ठरली तर शहाणे मूल गप्प बसते, आणि मग आपण त्याला मंद म्हणतो. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाई सातारा जिल्ह्यातील फलटणास येऊन राहिल्या, या देशाच्या नागरिक झाल्या, आणि फलटणच्या बोलीतील भेदांवरच त्यांनी प्रबंध लिहिला. गावात किती तऱ्हांची मराठी नांदते हे ज्यांनी शास्त्रीय काटेकोरपणे ऐकले, त्यांनीच पुढे तेथे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभारावी, यात मला विलक्षण संगती वाटते. इंग्रजी जरूर शिकावी. परंतु ज्याला ओघळ का वळला हे आपल्या बोलीत सांगता येते, त्याच्यापाशी दुसरी भाषा ठेवायला जागा तयार असते.

कायद्याने मात्र या वयाशी हात आखडता घेतला. मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद 45 मध्ये चौदा वर्षांखालील सर्व मुलांच्या शिक्षणाचा उल्लेख होता, म्हणजे तीन वर्षांचे मूलही त्यात येत होते. 2002 सालच्या 86 व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, आणि सहाच्या खालच्यांसाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढीच भाषा उरली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत म्हणून एकत्र धरली, हे योग्य झाले. पण जिने हा पाया भरावयाचा त्या सेविकेला सरकारी भाषेत अद्याप वेतन नसते, ‘मानधन’ असते. सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, हे ठरण्यासाठीसुद्धा 2022 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. पोषण आहाराचा हिशेब, लसीकरणाच्या नोंदी, वजन-उंची, घरभेटी आणि मोबाईलवर भरावयाची माहिती, एवढे उरकून जो वेळ हाती राहील त्यात तिने बालशिक्षण करावे अशी आपली अपेक्षा आहे. ही व्यवस्था न्याय्य नाही, आणि ती बदलण्याची जबाबदारी पहिलीच्या निकालांवर तावातावाने बोलणाऱ्या आपणा सर्वांची आहे.

दाराशी बसलेल्या त्या मुलाविषयी सांगावयाचे राहिले. तो कोयत्यावर आलेल्या जोडप्याचा. दिवाळीनंतर बीड आणि नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या सातारा-सांगलीतील कारखान्यांकडे उतरतात, फडाच्या कडेला पालांची वस्ती होते, आणि हंगाम संपेपर्यंत त्यांची लहान लेकरे झोळीत किंवा पाचटावर वाढतात. त्यांचे नाव गावाकडच्या पटावर असते आणि ती मात्र येथे असतात. तो मुलगा दोन दिवस लांबून अंगणवाडी पाहत होता, असे ताई म्हणाल्या; तिसऱ्या दिवशी दारात येऊन बसला. हजेरीत त्या मुलीसकट सोळा मुले होती, म्हणून ताटल्या सोळा निघाल्या. मुलीने मांडताना हजेरी पाहिली नव्हती.

‘एक कमी पडली’ हे ऐकून मदतनीस ताईंनी माठावर झाकलेली ताटली काढली, धुतली आणि मुलीच्या हाती दिली. खिचडी झाल्यावर सेविका ताईंनी त्या मुलाला जवळ बोलावून नाव विचारले. तो आपल्या बीडकडच्या हेलात हळू बोलला, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा विचारून नीट ऐकून घेतले, हजेरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले, आणि आत वळून म्हणाल्या, ‘उद्यापासून सतरा काढा हो.’