लेखणीची सेवा

माणूस लिहितो कशासाठी, या प्रश्नाला आजवर पुष्कळ उत्तरे दिली गेली आहेत. कोणी म्हणतो आनंदासाठी, कोणी कीर्तीसाठी, कोणी पैशासाठी. हे शेवटचे उत्तर देणारा मराठी लेखक नसावा, हे उघडच आहे! परंतु जो श्रद्धेपोटी लिहितो त्याची अडचण निराळी असते. आपले लेखन ही सेवा आहे, असे त्याने एकदा मनाशी ठरविले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. सेवा खरी, पण कोणाची? देवाची, आपल्या मंडळीची, की वाचणाराची?

मी बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याचा. घर ख्रिस्ती. शाळामास्तरकी करता करता गेली तीस वर्षे मी उपासनेसाठी गीते, लहानसहान मनने आणि नाताळात मुलांनी करावयाच्या नाटुकल्या लिहीत आलो. छापले गेले ते थोडे. बाकीचे वह्यांत आहे. आता नोकरी संपली आहे आणि डोळेही पूर्वीसारखे साथ देत नाहीत. तासभर लिहिले की अक्षरे एकमेकांत मिसळू लागतात. उरलेली दृष्टी कशावर खर्च करावी, हे आता ठरविलेच पाहिजे.

एक काम हातात आहेच. ओवीबद्ध येशूचरित्राचा तिसरा हिस्सा लिहून झाला आहे. दुसरे काम परवा दारात चालत आले. आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत कोपीत राहतात. त्यांतलीच एक बाई म्हणाली, “गुरुजी, तिकडं रातच्याला वाचाया कायतरी लिहून द्या की. अक्षर मोठं काढा, पोरगी वाचून दावील.” मी म्हटले, “बाई, मी लिहिणार ते माझ्या देवाचं.” ती म्हणाली, “असू द्या की. पर आमचं बी असावं त्यात.”

या एका वाक्याने माझी झोप उडविली. ‘आमचं बी असावं त्यात’ यापेक्षा मोठी अट कोणत्या संपादकाने लेखकाला घातली असेल?

आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंत होऊन गेले. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी चाळीसएक फूट लांबीच्या कापडावर ओव्या लिहिल्या. ती पासोडी प्रसिद्धच आहे. दासोपंत १६१५ साली वारले. दुसऱ्याच वर्षी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रजानेही ओवीच निवडली. दोघांचे देव निराळे, गाव निराळे; पण ऐकणाराच्या कानात जो छंद आधीच बसला आहे त्यातूनच त्याच्याशी बोलावे, हे दोघांनाही उमगले होते. ‘आमचं बी असावं त्यात’ या मागणीची ही पहिली पूर्तता.

परंतु येथेच थांबलो तर विचार अर्धा राहील. स्टीफन्स ज्या गोव्यात लिहीत होते तेथे पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. ओवीच्या गोडीला त्यामुळे उणेपणा येत नाही. तरीही लेखणीच्या पाठीशी तलवार उभी असली म्हणजे वाचणाराला ‘नको’ म्हणण्याची सोय राहत नाही. आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याला दिलेली वस्तू दान कशी म्हणावी? तलवारीचे दिवस गेले, पण भूक अजून आहे. उचल फेडण्यासाठी मुलाबाळांसह ऊस तोडणाराच्या हाती पुस्तक देताना मला हे विसरून चालणार नाही. त्याला भाकरी द्यावी, पुस्तकही द्यावे. पण दोन्ही एकाच हाताने देऊ नयेत.

मग श्रद्धावंताने गप्पच बसावे काय? तसेही नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि त्या एका गोष्टीने त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या मनाने. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि सर्व धर्मांच्या मराठी घरांत वाचली गेली. त्या बाईने आपला धर्म कोठे लपविला नाही आणि कोणावर लादलाही नाही. जे घडले ते हसतखेळत सांगितले. याला मी साक्ष म्हणतो. प्रचारकाचे लक्ष ऐकणाराच्या होकाराकडे असते. साक्षीदाराचे लक्ष आपण खरे बोलतो की नाही याकडे असते. टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणतात, “पानोपानी प्रभूचे नाव नसेल तर ही सेवा कसली?” त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रद्धा इतकी पातळ करावी की तिची चवच उरू नये, हेही खोटेपण आहे. परंतु येशूने सांगितलेले दृष्टांतच पाहावेत. पेरणारा, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई, घर सोडून गेलेला मुलगा, सारे शेताघरातले. वाटेत जखमी होऊन पडलेल्याला ज्याने उचलले तो तर परक्या पंथाचा शोमरोनी होता. स्वतः गुरूनेच गोष्टीतला मोठेपणा परक्याला दिला असेल, तर शिष्याने आपल्या वहीत शेजाऱ्याला जागा देताना का कचरावे?

तेव्हा माझा निर्णय असा. आधी ती वही. मोठ्या अक्षरात, घरात बोलतात त्या मराठीत. तीत हरवलेल्या नाण्याची गोष्ट असेल आणि कोयत्याची, बैलांची, कोपीत जन्मलेल्या मुलाचीही असेल. पहिल्या पानावर लिहिणारा ख्रिस्ती आहे हे स्वच्छ लिहिलेले असेल, म्हणजे कोणाची फसवणूक होणार नाही. वाचून झाल्यावर कोणी काही मानावे, अशी अट असणार नाही.

आणि येशूचरित्र? ते थांबू शकते. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. मोठ्या ग्रंथाला वारस मिळू शकतो. टोळी मात्र चार दिवसांनी निघणार आहे. माझे डोळे टिकले तर मी पुन्हा ओवीकडे वळेन. न टिकले तर ते काम दुसऱ्या कोणाचे, एवढेच.

या दिवसांत आपण उंबऱ्यावर दिवे लावतो. दिव्याचा उजेड घरात पडतो तसा वाटेवरही पडतो. त्या उजेडात कोणी पोथी वाचील, कोणी बाजरी निवडील, कोणी नुसताच पुढे निघून जाईल. त्याचा हिशेब लावणाराने मागू नये. तेल मात्र चोख घालावे.