कुठल्याही कबरीजवळ

देवरूखला आमच्या मोहल्ल्यात एक दादी होती. तिचा नवरा दुसऱ्या महायुद्धात मालवाहू बोटीवर खलाशी होता. बोट बुडाली, तो परत आला नाही. शबेबरातीला मोहल्ला कब्रस्तानात फातिहा पढायला निघाला की ती मुलाच्या हाती अगरबत्ती देई आणि म्हणे, "कुठल्याही कबरीजवळ लाव. त्यांना पोचेल."

कोकणातले असे कितीतरी खलाशी समुद्राने ठेवून घेतले. मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचे स्मारक आहे. त्या युद्धात गेलेल्या व्यापारी जहाजांवरील सुमारे सहा हजार हिंदी नाविकांची नोंद तिथे आहे. दादीला हे कुणी कधी सांगितले नाही.

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता सरकारी कचेऱ्यांत दोन मिनिटे स्तब्धता पाळतात. तो हुतात्मा दिन. हुतात्मा म्हणजे ज्याने प्राण दिला तो. ज्याचा प्राण घेतला गेला, ज्याला कुणी विचारलेच नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे 'बळी' हा शब्द आहे. आणि बळी तर कोंबड्याचाही देतात. हदीसमध्ये 'शहीद' शब्दाचा पैस यापेक्षा मोठा आहे. बुडून मेलेला, साथीत मेलेला, पडलेल्या घराखाली सापडलेला, हेही त्यात येतात. मरणाऱ्याने कोणता पराक्रम केला, हे तिथे विचारलेले नाही.

२०२१ पासून १४ ऑगस्ट हा विभाजन विभीषिका स्मृती दिन म्हणून पाळला जातो. फाळणीत मेलेल्यांचे स्मरण व्हावे, याबद्दल माझा वाद नाही. पंजाबात हिंदू, शीख, मुसलमान तिघेही मेले. पण स्मरण करताना प्रत्येकजण आपलीच प्रेते मोजणार असेल, तर तो दिवस शोकाचा न राहता हिशेबाचा होतो. आणि हिशेब म्हटला की थकबाकी आलीच.

फाळणी तशी दूरची. मुंबई आम्हांला जवळची, घरटी एक माणूस तिथे. १९९२-९३ च्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत मोजले : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ असे, की ज्यांचा धर्मच कळला नाही. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ गेले. मी दर वेळी त्या ४५ जणांपाशी अडखळतो. त्यांच्यासाठी कुठल्या बाजूने रडायचे?

जर्मनीत नोव्हेंबरातल्या एका रविवारी युद्धाच्या आणि जुलमाच्या सर्व बळींचे राष्ट्रीय स्मरण होते. त्यात हिटलरच्या फौजेतला शिपाईही येतो आणि त्या फौजेने मारलेला माणूसही. हे वाचले तेव्हा मला मुळीच पटले नव्हते. आपल्याकडच्या ९०० पैकी ३५६ पोलिसांच्या गोळीने मेले. त्यांत आपल्या दारात उभे असलेले असतील, तसे तलवार घेऊन निघालेलेही असतील. दोघांसाठी एकच स्तब्धता? गुन्हेगार कोण, हे न्यायालयाने ठरवलेच पाहिजे, त्यात सवलत नको. पण शोकानेही तीच निवड करायची का? पूर्वी मी 'हो' म्हटले असते. आता खात्री देता येत नाही.

दादीच्या मुलाला मी एकदा विचारले, "चाचा, अगरबत्ती कुठे लावत होतात तुम्ही?"

"फाटकातून आत गेलं की पहिली कबर. तिथंच."

ती कुणाची, हे त्यांनाही माहीत नव्हते.