'त्याला आत टाका' म्हणण्याआधी



चिकपेटमध्ये एका मराठी कुटुंबाकडे सत्संग होता. खाली साड्यांचे दुकान, वर राहते घर. भजने झाली, ध्यान झाले. प्रसाद वाटला जात असताना घरमालक शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "दादा, डोळे मिटले तरी त्या पोराचा चेहरा समोरून हलत नाही."

सहा वर्षे दुकानात वाढलेल्या मुलाने नऊ रेशमी साड्या परस्पर विकल्या होत्या. घरात सगळ्यांचे एकच म्हणणे होते : पोलिसांत द्या, आत जाऊ दे, अद्दल घडेल.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर? उत्तराची घाई करू नका. मीही केली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघे अव्हेन्यू रोडने म्हैसूर बँक चौकापर्यंत आणि तिथून फ्रीडम पार्कपर्यंत चालत गेलो. पूर्वी हे बेंगळुरूचे मध्यवर्ती कारागृह होते. २००८ साली तिथे बाग झाली, पण बरॅकी आणि मधला टेहळणीचा मनोरा राखून ठेवला आहे. आता शहरातले मोर्चे आणि उपोषणेही तिथेच होतात.

२६ जून १९७५ रोजी, आणीबाणी लागली तेव्हा, संसदीय समितीच्या बैठकीसाठी बेंगळुरूला आलेले मधू दंडवते, अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी पकडले गेले आणि या कारागृहात आले. प्रमिलाताई दंडवते येरवड्याला होत्या. पती इथे, पत्नी तिथे. संसार पत्रांवर चालला. त्यांची मते तुरुंगाने बदलली का? १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. ज्यांना गप्प करायला आत टाकले, ते आपले काम बरोबर घेऊनच बाहेर आले.

पण इथेच आपण एक चूक करतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. हे आठवून आपण तुरुंगालाच तपोभूमी म्हणू लागतो. ती थोरवी विनोबांची होती, कोठडीची नव्हे. याच बेंगळुरूच्या कारागृहात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या. त्यांना दम्याचा जबर त्रास होता. जानेवारी १९७७ मध्ये त्या पॅरोलवर सुटल्या आणि काही दिवसांतच गेल्या. 'खरा तुरुंग मनाचा असतो' हे वाक्य सत्संगात सहज तोंडी येते. त्या बरॅकीसमोर ते उच्चारायला माझी जीभ धजली नाही.

शेटजी म्हणाले, "ती मोठी माणसे. निर्दोष होती. आमचा पोरगा तर चोर आहे."

बरोबर आहे. काही माणसांना समाजापासून दूर ठेवावेच लागते, आणि चोरी ती चोरीच. पण आज आपल्या तुरुंगांत कोण आहे? २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. आपण 'अद्दल' म्हणतो ती बहुतेकांच्या वाट्याला निकालाआधीच येते. शिक्षा हा शब्द शिक्षण आणि शिक्षक यांच्याच घरचा आहे. त्या गर्दीत पोरगा काय शिकेल आणि कोणाकडून, हे आपण विचारतच नाही.

मग मी त्यांना मॉरिस फ्रीडमन यांच्याबद्दल सांगितले. हे पोलंडचे अभियंते, बेंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्याचे प्रमुख. पुढे निसर्गदत्त महाराजांची संभाषणे इंग्रजीत आणली ती त्यांनीच. ते औंध संस्थानात गेले आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे राहिले. गुन्हेगार ठरलेली माणसे तिथे बायकामुलांसह राहून शेती करत. भोवती भिंत नाही. 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे हाच प्रयोग आहे. मला यातली दया फारशी मोठी वाटत नाही. मोठे वाटते ते धाडस. विश्वास टाकणारा रोज स्वतः धोका पत्करत होता. क्षमा फुकट मिळते असे सांगणाऱ्यावर, साधकहो, विश्वास ठेवू नका.

शेटजी बराच वेळ मनोऱ्याकडे बघत राहिले. मग विचारले, "आणि माझे पैसे?"

"ते मागा की," मी म्हणालो. "मागायलाच हवेत. पण त्याने साड्या का विकल्या, हे कोणी विचारले का?"

त्यांनी मान हलवली. सहा वर्षांत त्या मुलाचे घर कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते.

सोमवारी संध्याकाळी दुकान बंद करून ते पत्ता शोधत निघाले. पोलिसांत जायचे की नाही, हे अजून ठरले नव्हते. हिशेबाची वही मात्र काखेत होती.