पगाराची राखण

मराठी मुलं भित्री आहेत, पैसा मुदत ठेवीत अडकवून बसतात, म्हणूनच मागे पडतात, असं ठासून सांगणारे वक्ते आता महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत पोचले आहेत. मला या निदानाचा संताप येतो. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पदवीधरांमध्ये आज धाडसाची टंचाई अजिबात नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उघडून पाहा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. या व्यवहारांत उतरणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण शेवटच्या एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर चढलं. सगळ्या वयांचे मिळून चारांतल्या तिघांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं नोंदवलं होतं. या मुलांना आणखी धाडस शिकवणं हा गुन्हा आहे.

त्यांच्या आईवडिलांच्या सावधपणालाही नावं ठेवायचं कारण नाही. त्यांनी १९९२ चा शेअर घोटाळा पाहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आपलेच पैसे मागायला माणसं रांगेत उभी राहिली. ठेवींवरचं विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं ते त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये. एवढं सोसलेलं घर मुलाला ‘जपून’ म्हणत असेल, तर तो त्याचा अनुभव बोलतो.

तरीही सगळी कमाई ठेवीत घालून निर्धास्त राहा, असं मी म्हणू शकत नाही. मला अडवतात ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे त्याचं नाव सगळे घेतात, पानं फार थोडे उलटतात. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी दहा वर्षं आधी हिंदुस्थानातल्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केली होती. आंबेडकरांचा आक्षेप असा, की या पद्धतीत चलन काढणाऱ्याच्या हातावर पुरेसा लगाम राहत नाही. रुपयाचा परदेशी चलनाशी असलेला दर स्थिर राहिला म्हणजे रुपया स्थिर झाला असं नव्हे. त्या रुपयात बाजारात किती वस्तू येतात, हे पाहिलं पाहिजे. पुढे चलनाचा प्रश्न तपासणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी हाच मुद्दा अधिक टोकदार केला. रुपया स्वस्त झाला की व्यापाऱ्यांना जो फायदा होतो तो बाहेरून येत नाही, तो देशातल्याच मजुरी कमावणाऱ्यांच्या खिशातून जातो. कारण भाव आधी चढतात आणि मजुरी मागून, रखडत.

पहिला पगार हातात आलेल्या मुलीने गुंतवणुकीचा विचार इथून सुरू करावा. श्रीमंत होण्याचं स्वप्न नंतर. आज आठ तास राबून मिळवलेल्या रुपयात वीस वर्षांनी किती धान्य, किती भाडं, किती औषध येईल, हा तिचा प्रश्न आहे. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्मी होते. ठेवीचं व्याज या घसरणीशी जेमतेम बरोबरी करतं. उद्योगांचा नफा मात्र चढत्या भावांबरोबर वाढू शकतो. म्हणून त्या नफ्यात पगारदाराचा छोटा, कायमचा वाटा असणं ही मला न्यायाची बाब वाटते. निफ्टीतल्या पन्नासही कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडात तो वाटा दरमहा पाचशे रुपयांतही मिळतो.

पण इथे दुसरी फसवणूक उभी आहे. दरमहा पाच हजारांची एसआयपी करा, तीस वर्षांत पावणेदोन कोटी घ्या, अशी जाहिरात असते. बारा टक्के परतावा धरला तर गणित बरोबर येतं. मात्र त्या बारा टक्क्यांची हमी कोणी देत नाही. शिवाय सहा टक्के महागाई वजा केली, की ते पावणेदोन कोटी आजच्या भावाने एकतीस लाखांच्या आसपास उरतात. मध्यस्थाच्या कमिशनपायी वर्षाला एकच टक्का कमी मिळाला, तर त्या पावणेदोन कोटींतून सुमारे पस्तीस लाख जातात. मध्यस्थाशिवाय घेता येणाऱ्या थेट योजना जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत. त्यांची माहिती या जाहिरातींत ठळक अक्षरांत का नसते?

सगळ्यात कठीण आक्षेप जपानचा. तिथला निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ज्या शिखरावर होता, तिथे परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं! ‘दीर्घकाळात बाजार वाढतोच’ हे वाक्य त्यामुळे मी नियम म्हणून स्वीकारत नाही. म्हणूनच सगळं बाजारात नको. सहा महिन्यांचा खर्च बँकेत हवा. आरोग्य विमा हवा. कोणी आपल्यावर अवलंबून असेल तर मुदतीचा आयुर्विमा हवा. पीपीएफ हवा. या क्रमात शेअरचा नंबर शेवटी लागतो. आणि पंधरा-अठरा हजारांत शहरातली खोली, खाणावळ आणि गावाकडची मदत सांभाळणाऱ्या पदवीधराला ‘लवकर सुरुवात कर’ असं ऐकवायचा कोणालाही अधिकार नाही. त्याची अडचण पगाराची आहे, ती कोणत्याही फंडाने सुटणार नाही.

त्याच्याकडेही बहुधा एक गुंतवणूक असतेच, तिच्याकडे कोणी लक्ष वेधत नाही. भविष्य निर्वाह निधीत मूळ पगाराच्या बारा टक्के त्याचे जातात, तेवढाच भार मालक उचलतो. २०२४-२५ साठी निधीतल्या रकमेवर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं. ऑगस्ट २०१५ पासून या निधीचा एक हिस्सा ईटीएफच्या मार्गाने शेअर बाजारातही जातो. तरी नोकरी बदलली की मुलं ही रक्कम काढतात आणि मोबाइल घेतात. मुलांनो, पीएफ काढू नका, नव्या नोकरीत वर्ग करून घ्या. आणि मालकाने आपला वाटा खरोखर भरला आहे का, हे या महिन्यात पासबुक उघडून तपासा.