दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी कॅशियरकडे. "म्हणजे बँकेचा तुमच्यावर विश्वास नाही तर!" असे आमच्या भिवंडीतले यंत्रमागवाले मोठ्या आपुलकीने म्हणतात. आता प्रामाणिक माणसावर पहारा ठेवणे हा त्याचा अपमान आहे काय?

याचे उत्तर मला संगणकात सापडले. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचे गृहस्थ असतात. लष्करातले नव्हेत, पण कुणाला कसला अधिकार, हे तेच ठरवतात. लिनक्सच्या कर्नलची रीत अगदी आमच्या लेजरसारखी. ज्याला नुसते वाचायची मुभा, त्याने खाडाखोड करायची म्हटली की मूळ कागद न देता नक्कल पुढे करायची. पण ती नक्कल एका हाताने फेकत दुसऱ्या हाताने लिहायची घाई केली, तर एखाद्या क्षणी लेखणी मूळ कागदावर उतरे! साधा खातेदार थेट मॅनेजर!

या दोषाचे नाव 'डर्टी काऊ'. ही गाय २००७ पासून गोठ्यात होती. बंदोबस्त झाला २०१६ साली. खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी अकरा वर्षे आधी ठिगळ लावले होते. पण दुसऱ्या एका जातीच्या यंत्राला ते मानवेना, म्हणून उसवले गेले.

यात कर्नलसाहेब लबाड नव्हते. परवानगी त्यांनी तपासली होती; तपासणे आणि लिहिणे यांत फट राहिली, इतकेच. दुसरी किल्ली त्या फटीसाठी असते. मार्चअखेरच्या गर्दीत भल्या माणसालाही तिचा आधार वाटतो. अपमान वाटतो तो ज्यांना एकाच किल्लीत काम उरकायचे असते त्यांना.