पकडणे आणि फशी पाडणे

गोडादऱ्यास खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील देवळाच्या ओट्यावर परवा एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, "वकीलसाहेब, पोराच्या पुस्तकात ‘एन्ट्रॅप’ आले आहे. म्हणजे पकडणेच ना?" आम्ही ‘होय’ म्हणून मोकळे झालो, पण ते उत्तर घरी येईपर्यंत टोचत राहिले.

पकडला जातो तो चोर. ‘एन्ट्रॅप’ होतो तो कदाचित त्या दिवसापर्यंत चोर नसतोही. आपल्या ‘सापळा’ या शब्दात मात्र दोन्ही कृत्ये सुखाने नांदतात. लाच मागणाऱ्यास फिनॉल्फ्थॅलिनची भुकटी लावलेल्या नोटा द्याव्यात, त्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवावीत आणि पाणी गुलाबी व्हावे, याविषयी आमची तक्रार नाही. तो मागावयास आधीच निघाला होता.

पण न मागणाऱ्यापुढे कोणी नोटा धरल्या तर? रामजनम सिंग खटल्यात 1956 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, माणसाची प्रवृत्ती कशीही असो, त्याच्या दुबळ्या सहनशक्तीपलीकडचा मोह कायद्याच्या रक्षकांनीच त्यास घालू नये. तथापि आपल्याकडे एवढ्याने आरोपी सुटत नाही. न मागता पुढे केलेली लाच स्वीकारणे हाही गुन्हाच, असे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 2022 साली स्पष्ट केले. अमेरिकेत शेरमन नावाचा व्यसनी उपचार घेत असता पोलिसांच्या खबऱ्याने आपल्या यातनांचे रडगाणे गाऊन त्याच्याकडे पुनःपुन्हा अफू-वर्गातील द्रव्य मागितले; त्याची शिक्षा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली रद्द केली.

आम्हांस आपल्या न्यायालयाचेच म्हणणे पटते, पण अर्धेच. मेनका इंद्राने धाडली हे कळूनही विश्वामित्रांनी तिला गोड शब्दांत निरोप दिला आणि पुन्हा तपास आरंभ केला. तप गेले ते त्यांचेच गेले. पण इंद्राचे काय? त्याला तर आपले आसन राखावयाचे होते!

आमच्या एका अशिलाने दोनदा ‘नको’ म्हटले होते. तिसऱ्या खेपेस, घरात आजारपण असता, त्याने पाकीट घेतले. शिक्षा झाली, ती अन्यायाची होती असे आम्ही त्याच्या बायकोसही सांगू शकलो नाही. तिने विचारले होते, "पण तिसऱ्यांदा आले कशाला ते?" याचे उत्तर ना कागदपत्रांत होते, ना आमच्याजवळ.

पुढल्या एकादशीस ते गृहस्थ भेटले, तेव्हा पोराच्या वहीतला अर्थ खोडून ‘फशी पाडणे’ असे लिहावयास आम्ही सांगितले.